एपी गव्हर्न्मेंटचा अभ्यास मुलांकडून घरी कसा करून घ्यावा

मोठी मुलगी अकरावीत असताना तिनं एपी यूएस गव्हर्न्मेंट अँड पॉलिटिक्स, म्हणजे अमेरिकेची राज्यव्यवस्था आणि राजकारण, हा कॉलेजच्या पातळीचा विषय हायस्कुलात घेतला. आम्हा दोघांचंही शिक्षण महाराष्ट्रात झालेलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाला जोडून आलेलं पातळ पुस्तक, आदल्या रात्री घोकायचं आणि सकाळी पेपरात उतरवायचं, एवढीच आमची त्या विषयाशी ओळख. तिनंही तसंच केलं. खटल्यांची नावं, सनावळ्या, घटनादुरुस्त्यांचे आकडे, सगळं तोंडपाठ. मार्चमध्ये शाळेत सराव परीक्षा झाली. बहुपर्यायी प्रश्न बरे गेले, लेखी उत्तरांत मात्र गुण गळाले. उत्तरं घेऊन आम्ही बसलो तेव्हा दिसलं की काय घडलं ते तिनं प्रत्येक ठिकाणी अचूक लिहिलं होतं. ते का घडलं आणि त्यामुळे पुढे काय झालं, हे वाक्य कुठेच नव्हतं.

त्या दिवसापासून रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं ती मला एक गोष्ट समजावून सांगू लागली, आणि तीही मराठीत. मराठीचा आग्रह मी सुरुवातीला फक्त भाषेसाठी धरला होता. पण झालं असं, की ‘सिलेक्टिव्ह इन्कॉर्पोरेशन’ची पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत एका दमात म्हणणारी मुलगी मराठीत सांगताना अडखळली. दोन-तीनदा प्रयत्न करून शेवटी म्हणाली, “आई, आधी हे हक्क फक्त केंद्र सरकारविरुद्ध होते. राज्य सरकारनं मोडले तर त्याच्यावर काही चालायचं नाही. मग चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन कोर्टानं एकेक हक्क राज्यांनाही लागू केला.” संकल्पना खरी तिथं समजली. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, समजलेलं नेता येतं. दोन वर्षांनी धाकट्याचा अभ्यास आम्ही पहिल्यापासून असाच केला.

अमेरिकेत ज्यांची मुलं ही परीक्षा देणार आहेत अशा मराठी आईबाबांसाठी, आणि भारतातून मध्येच इथल्या हायस्कुलात आलेल्या मुलांसाठी हे सगळं लिहिते आहे. विषय आपल्याला येत नसला तरी मुलाचा अभ्यास नीट करून घेता येतो.

आधी परीक्षेचा साचा

कॉलेज बोर्ड नावाची संस्था ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत घेते. वेळ तीन तास. २०२५ पासून ती पूर्णपणे संगणकावर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होते. पहिल्या भागात ५५ बहुपर्यायी प्रश्न आणि ८० मिनिटं. दुसऱ्या भागात चार लेखी प्रश्न आणि १०० मिनिटं. दोन्ही भागांचं वजन निम्मं-निम्मं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो.

अभ्यासक्रमाचे पाच विभाग आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही, इकडे बऱ्याच मुलांचं लक्ष जात नाही. काँग्रेस (म्हणजे इथली संसद), राष्ट्राध्यक्ष, न्यायालयं आणि नोकरशाही यांचा दुसरा विभाग बहुपर्यायी प्रश्नांच्या २५ ते ३६ टक्के असतो. निवडणुका, पक्ष, हितसंबंधी गट आणि माध्यमं यांचा पाचवा विभाग २० ते २७ टक्के. घटनेचा पाया हा पहिला विभाग १५ ते २२ टक्के, नागरी स्वातंत्र्य आणि हक्क हा तिसरा १३ ते १८ टक्के, विचारसरणी आणि जनमत हा चौथा १० ते १५ टक्के. शाळा सप्टेंबरमध्ये पहिल्या विभागाला भरपूर वेळ देतात आणि पाचवा एप्रिलमध्ये घाईघाईत उरकतात. ती भर घरी घालावी लागते. धाकट्यानं पाचवा विभाग फेब्रुवारीतच स्वतः वाचायला घेतला, त्यामुळे शेवटचा महिना सरावाला मोकळा राहिला.

चार लेखी प्रश्न दरवर्षी त्याच क्रमानं येतात. पहिल्यात एखादा प्रसंग देऊन संकल्पना लावायला सांगतात, ३ गुण. दुसऱ्यात तक्ता, आलेख किंवा नकाशा, ४ गुण. तिसऱ्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन खटल्यांची तुलना, ४ गुण. चौथा युक्तिवादाचा निबंध, ६ गुण. गुण वेगवेगळे असले तरी अंतिम निकालात चारही प्रश्नांचं वजन सारखंच, प्रत्येकी साडेबारा टक्के. म्हणजे पहिल्या प्रश्नातला एक गुण निबंधातल्या एका गुणाच्या दुप्पट मोलाचा. मुलं निबंधाच्या धास्तीनं पहिले तीन प्रश्न उरकतात, आणि नुकसान नेमकं तिथंच होतं. पहिल्या तिघांना प्रत्येकी वीस मिनिटं आणि निबंधाला चाळीस, ही वाटणी घरच्या सरावातच अंगवळणी पडली पाहिजे.

प्रश्नातलं क्रियापद

लेखी प्रश्नाचा प्रत्येक उपप्रश्न एका क्रियापदानं सुरू होतो, आणि किती लिहायचं ते त्या क्रियापदावरून ठरतं. ‘आयडेंटिफाय’ असेल तर नाव सांगून मोकळं व्हायचं. ‘डिस्क्राइब’ असेल तर ती गोष्ट कशी असते ते सांगायचं. ‘एक्सप्लेन’ असेल तर कारण आणि परिणाम जोडून दाखवायचे.

फिलिबस्टरचं उदाहरण घेऊ. काँग्रेसमध्ये विधेयक अडवण्याचा एक मार्ग ओळखा, असं विचारलं तर ‘सिनेटमधला फिलिबस्टर’ एवढं पुरे. वर्णन करा म्हटलं तर लिहायचं, की सिनेटर चर्चा लांबवून मतदान होऊ देत नाहीत आणि ती चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं लागतात. याचा कायदे करण्यावर काय परिणाम होतो ते स्पष्ट करा म्हटलं तर आणखी एक पाऊल टाकायचं: बहुमतातल्या पक्षाकडे ६० जागा क्वचितच असतात, त्यामुळे समोरच्या पक्षातल्या काहींना सोबत घ्यावं लागतं, म्हणून विधेयक सौम्य होतं नाहीतर अडकून पडतं. ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द नसतील तर ते स्पष्टीकरण झालंच नाही. मुलीच्या टेबलासमोर आम्ही हेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत चिकटवले होते.

वेळापत्रक

जानेवारीत एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्यावी. कमी गुण पडले तरी चालेल, कुठला विभाग कच्चा आहे ते कळलं पाहिजे. मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, त्यांच्या गुणदानाच्या सूचना आणि विद्यार्थ्यांची नमुना उत्तरं कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शाळेच्या शिक्षकांमार्फत एपी क्लासरूममधले विभागवार प्रश्नही मिळतात. महागडी पुस्तकं आणि क्लास यांच्या आधी हे साहित्य संपवा. नमुना उत्तरांना गुण का दिले आणि का नाकारले याची कारणं तिथं लिहिलेली असतात. शनिवारी सकाळी असं एक उत्तर घेऊन मुलाला परीक्षक व्हायला सांगा. आधी त्यानं गुण द्यायचे, मग खरे गुण पाहायचे. आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक या एका सवयीनं पडला.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आठवड्याला अभ्यासक्रमातले दोन दस्तऐवज किंवा दोन खटले (त्यांच्याबद्दल पुढे सांगते). एप्रिलमध्ये दर आठवड्याला एक निबंध, एक खटल्यांची तुलना आणि एक आलेखाचा प्रश्न. एवढं पुरतं. रोज तीन तास बसवून ठेवायची गरज नाही, पण वीस मिनिटांचं तोंडी सांगणं चुकवू नका.

नऊ दस्तऐवज कुठल्या क्रमानं वाचावेत

अभ्यासक्रमात नऊ मूळ दस्तऐवज सक्तीचे आहेत: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन (घटनेआधीचा राज्यांमधला करार), राज्यघटना आणि तिच्या दुरुस्त्या, घटनेची बाजू मांडणाऱ्या फेडरलिस्ट या लेखमालेतले १०, ५१, ७० आणि ७८ क्रमांकांचे लेख, घटनेला विरोध करणारा ब्रूटस १ हा लेख, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र. यादीतल्या क्रमानं वाचलं तर ते सुटे सुटे राहतात. एका वादातली उत्तरं-प्रत्युत्तरं म्हणून वाचले तर लक्षात राहतात.

सुरुवात आर्टिकल्सपासून करा. त्या व्यवस्थेत केंद्राला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, राष्ट्रीय कार्यकारी प्रमुख नव्हता, न्यायव्यवस्था नव्हती आणि दुरुस्तीसाठी सगळ्या १३ राज्यांची संमती लागायची. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा केंद्राला सैन्य उभं करणं जमलं नाही. त्यातून १७८७ ची घटना आली, आणि ती स्वीकारावी की नाही यावर वर्तमानपत्रांतून भांडण जुंपलं. ब्रूटसचं म्हणणं, एवढ्या विस्तीर्ण देशात प्रतिनिधीला आपली माणसं ओळखता येणार नाहीत, आणि ‘आवश्यक आणि योग्य’ वाटतील ते कायदे करण्याचं कलम राज्यांना गिळून टाकील. फेडरलिस्ट १० मध्ये मॅडिसन उलट सांगतो, की गटबाजी माणसाच्या स्वभावातच आहे, ती मोडायला गेलात तर स्वातंत्र्यच मोडाल. देश मोठा असला तर गट इतके होतात की कुणा एकाला बाकीच्यांवर कुरघोडी करता येत नाही. ५१ मध्ये तोच सत्तेच्या तीन शाखा एकमेकींना कशा आवरतील ते मांडतो. हॅमिल्टन ७० मध्ये कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हाती का असावी आणि ७८ मध्ये न्यायाधीशांना वर्तन चांगलं असेपर्यंत पदावर का ठेवावं ते सांगतो.

मी मुलांना ब्रूटसची बाजू घ्यायला लावायची आणि स्वतः फेडरलिस्टच्या बाजूनं बोलायची, दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची. ब्रूटसची बाजू मांडताना धाकटा खरोखर पेटायचा. निबंधात विरुद्ध मताला उत्तर देण्यासाठी गुण असतो, त्याची तयारी इथंच होते.

किंग यांचं पत्र या आठांच्या नंतर, सलग, एका बैठकीत मोठ्यानं वाचावं. काही गोऱ्या धर्मगुरूंनी ‘थोडं थांबा’ असा सल्ला दिला होता, त्याला ते उत्तर आहे. अन्यायी कायदा कोणता आणि तो उघडपणे, शिक्षा स्वीकारून का मोडावा, हे त्यात आहे. परीक्षेच्या दृष्टीनं ते चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या कलमाशी आणि सामाजिक चळवळींशी जोडायचं. पण घरात ते वाचताना महाडच्या चवदार तळ्याची, १९२७ ची आठवण निघतेच, आणि ती निघू द्यावी. ज्या डॉ. आंबेडकरांनी त्या सत्याग्रहाचं नेतृत्व केलं, त्यांनी न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतलं होतं. आपल्या मुलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

खटले: गोष्ट म्हणून ऐका, कलम म्हणून लक्षात ठेवा

सक्तीचे खटले १४ आहेत. पूर्वी १५ होते. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये रो विरुद्ध वेड हा गर्भपाताच्या हक्काचा निर्णय फिरवला, त्यानंतर तो यादीतून गेला. जुनं पुस्तक वापरत असाल तर एवढं तपासून घ्या.

प्रत्येक खटल्यासाठी एक कार्ड करा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: काय घडलं, घटनेतलं कोणतं कलम, निकाल काय, आणि न्यायालयानं दिलेलं कारण. चौथा रकाना रिकामा असेल तर ते कार्ड निरुपयोगी.

घटना मुलांना पटकन आठवतात, कारण बऱ्याच खटल्यांत त्यांच्याच वयाची मुलं आहेत. १९६५ मध्ये आयोवातल्या डे मॉइन गावी काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ हाताला काळी पट्टी बांधून शाळेत आले, त्यातली मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती. १९६९ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की शाळेच्या कामकाजात लक्षणीय अडथळा येत नसेल तर ही अभिव्यक्ती पहिल्या दुरुस्तीनं सुरक्षित आहे. लोपेझ खटल्यात सॅन अँटोनिओचा बारावीतला मुलगा शाळेत बंदूक घेऊन आला. १९९५ मध्ये न्यायालयानं ठरवलं, की शाळेजवळ बंदूक बाळगणं हा आंतरराज्य व्यापार नाही, तेव्हा वाणिज्य कलमाच्या आधारे काँग्रेसला असा कायदा करता येणार नाही. गिडियन नावाच्या कैद्यानं फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलनं अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील देणं राज्यांवर बंधनकारक झालं.

तुलनेच्या प्रश्नात एक खटला यादीतला असतो आणि दुसरा मुलांना माहीत नसलेला. दुसऱ्याची सगळी माहिती प्रश्नातच दिलेली असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सरावासाठी मोर्स विरुद्ध फ्रेडरिक घेऊ. २००२ मध्ये अलास्कातल्या जुनो शहरातून ऑलिंपिकची मशाल जात होती. शाळेनं मुलांना रस्त्यावर बघायला सोडलं होतं. एका विद्यार्थ्यानं अमली पदार्थाचा उल्लेख असलेला मोठा फलक उघडला. मुख्याध्यापिकेनं तो काढून घेतला आणि त्याला निलंबित केलं. २००७ मध्ये न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला.

आता पहिला गुण: दोन्ही खटल्यांतलं समान कलम कोणतं? पहिल्या दुरुस्तीतलं भाषणस्वातंत्र्याचं कलम. नुसतं ‘पहिली दुरुस्ती’ लिहून थांबू नये. त्या दुरुस्तीत धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा आणि गाऱ्हाणं मांडणं असं बरंच काही आहे, तेव्हा कलमाचं नाव नेमकं लिहायचं. पुढचे दोन गुण: निकाल वेगळे का लागले? इथं आधी टिंकरची संबंधित हकीकत आणि निकाल सांगायचा, मग फरक दाखवायचा. टिंकरमध्ये पट्टी हे शांत राजकीय मत होतं आणि शाळेत व्यत्यय आला नाही, म्हणून संरक्षण मिळालं. मोर्समध्ये फलक शाळेच्या कार्यक्रमात बेकायदा अमली पदार्थांना उत्तेजन देणारा मानला गेला आणि मुलांना त्यापासून दूर ठेवणं हे शाळेचं रास्त कर्तव्य ठरलं, म्हणून संरक्षण मिळालं नाही. ‘एकीकडे मुलं जिंकली, दुसरीकडे शाळा जिंकली’ एवढंच लिहिणाऱ्याला हे गुण मिळत नाहीत. चौथा गुण निकालाचा राजकीय प्रक्रियेशी संबंध जोडण्यासाठी असतो. निकाल न पटलेले लोक काय करू शकतात, असं विचारलं तर राज्याच्या विधिमंडळाकडे विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला जास्त संरक्षण देणारा कायदा मागू शकतात, असं एखादं ठोस उत्तर द्यायचं.

भारतातून आलेल्यांचा गोंधळ कुठे होतो

आपल्या डोक्यात भारताची व्यवस्था पक्की बसलेली असते आणि ती नकळत मुलांपर्यंत पोचते. घरात आपण बोलताना चुकीची जोडणी करतो आणि मूल तीच परीक्षेत लिहितं. म्हणून हा भाग आईबाबांनी स्वतःसाठी वाचावा.

पहिला गोंधळ सरकार पडण्याचा. भारतात लोकसभेचा विश्वास गेला की मंत्रिमंडळ जातं. इथं राष्ट्राध्यक्ष काँग्रेसमधून येत नाही, काँग्रेसच्या विश्वासावर टिकत नाही, आणि मंत्री काँग्रेसचे सदस्य राहू शकत नाहीत. काँग्रेस एका पक्षाकडे आणि राष्ट्राध्यक्षपद दुसऱ्याकडे, हे इथं वारंवार घडतं. सरकार पडत नाही, कामं अडतात. ‘डिव्हायडेड गव्हर्न्मेंट’ आणि ‘ग्रिडलॉक’ हे शब्द त्यातूनच येतात. शिवाय आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. इथं खासदार स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊनही पदावर राहतो, त्याला भीती असते ती पुढच्या प्रायमरीतल्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतल्या, मतदारांची.

दुसरा, राज्यांच्या अधिकारांचा. भारताच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत आणि कुठल्याच सूचीत न बसणारा विषय केंद्राकडे जातो. अमेरिकेत नेमकं उलटं: घटनेनं केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. राज्यपाल इथं केंद्रानं नेमलेला नसतो, लोकांनी निवडलेला असतो. माझ्या मते आपल्या मुलांना फेडरॅलिझम, म्हणजे केंद्र आणि राज्यांतली अधिकारांची वाटणी, समजावण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच: दोन्ही देश शेजारी ठेवा आणि उरलेला अधिकार कुठं जातो ते विचारा. १८१९ चा मॅककलक विरुद्ध मेरीलँड आणि १९९५ चा लोपेझ हे खटले मग आपोआप समोरासमोर उभे राहतात. एकात केंद्राचा हात लांब झाला, दुसऱ्यात आखडला.

तिसरा, न्यायालयाचा अधिकार. भारतीय घटनेच्या अनुच्छेद १३ मध्येच लिहिलंय की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या मर्यादेपर्यंत रद्द ठरतो. अमेरिकी घटनेत कायदा रद्द करण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराचा असा स्पष्ट शब्द नाही. फेडरलिस्ट ७८ नं त्याची बाजू मांडली आणि १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसनमध्ये न्यायालयानं तो वापरला. हा एक खटला इतका महत्त्वाचा का, हे या फरकातून कळतं.

चौथा, मतदारसंघांची आखणी. आपल्याकडे ते काम परिसीमन आयोग करतो. इथं बहुतेक राज्यांत राज्याचं विधिमंडळच नकाशा आखतं, म्हणजे सत्तेतला पक्ष स्वतःला सोयीच्या रेषा ओढू शकतो. टेनेसीनं १९०१ नंतर साठ वर्षं विधिमंडळाचे मतदारसंघ नव्यानं आखलेच नव्हते. शहरं वाढली, प्रतिनिधी वाढले नाहीत. १९६२ च्या बेकर विरुद्ध कार खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की या तक्रारी आम्ही ऐकू शकतो. १९९३ च्या शॉ विरुद्ध रीनोमध्ये नॉर्थ कॅरोलायनातला लांबलचक, चिंचोळा मतदारसंघ समोर होता, आणि फक्त वंशाच्या आधारे अशी विचित्र आखणी केली तर ती कठोर छाननीस पात्र ठरते असा निर्णय झाला. नकाशा काढून दाखवा, शब्दांपेक्षा लवकर कळतं.

आकडे आणि आलेख

हा प्रश्न आपल्या मुलांना सोपा वाटतो, आणि पहिले दोन गुण खरोखर सोपे असतात: तक्त्यातून आकडा सांगा, कल सांगा. कल सांगताना दिशा आणि काळ दोन्ही लिहावेत. पुढचे गुण त्या आकड्याला राजकारणाशी जोडण्याचे असतात. वयोगटानुसार मतदानाचा आलेख असेल तर ज्येष्ठ नागरिक जास्त मतदान करतात एवढ्यावर न थांबता, म्हणून निवृत्तिवेतनाला हात लावायला खासदार कचरतात, इथपर्यंत जायचं. रविवारी वर्तमानपत्रातला एखादा आलेख कापून ठेवा आणि ‘यावरून कोण काय करेल?’ एवढंच विचारा.

निबंध

निबंधाचे सहा गुण असे वाटलेले असतात: एक मुख्य विधानाला, तीन पुराव्यांना, एक तर्काला आणि एक विरुद्ध मताच्या उत्तराला. सुंदर प्रस्तावनेला किंवा समारोपाला गुण नाही. ‘या विषयाला दोन्ही बाजू आहेत’ असं लिहिलं की मुख्य विधानाचा गुण गेला. एक बाजू घ्यायची आणि त्याच वाक्यात ‘कारण’ लिहायचं.

समजा विचारलं, कार्यकारी सत्ता एका व्यक्तीच्या हाती असणं लोकशाहीला पोषक आहे की घातक? विधान असं करता येईल: पोषक आहे, कारण निर्णयाची जबाबदारी कुणाची हे मतदाराला स्पष्ट दिसतं. पहिला पुरावा फेडरलिस्ट ७०: अनेकांच्या हाती सत्ता असेल तर चूक एकमेकांवर ढकलता येते, असं हॅमिल्टन म्हणतो. दुसरा पुरावा राज्यघटनेतून: राष्ट्राध्यक्षाला ठरावीक चार वर्षांची मुदत आहे आणि महाभियोगाची तरतूद आहे, म्हणजे जबाबदार धरण्याचे मार्ग आहेत. मग तर्क: जबाबदारी ठरवता आली तरच मत देण्याला अर्थ उरतो, म्हणून हे पुरावे विधानाला आधार देतात. शेवटी विरुद्ध मत: ब्रूटसला दूरच्या, एकवटलेल्या सत्तेची भीती होती आणि ती रास्त होती, पण फेडरलिस्ट ५१ मध्ये सांगितल्याप्रमाणे काँग्रेस आणि न्यायालयं त्या सत्तेला आवर घालतात. विरुद्ध मताचा नुसता उल्लेख करून सोडलं तर गुण मिळत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्नासोबत दिलेल्या यादीतला एक तरी दस्तऐवज पुराव्यात यायलाच हवा. मुलीनं एका सरावात किंग यांच्या पत्रावर दीड पान सुरेख लिहिलं होतं, पण ते त्या प्रश्नाच्या यादीत नव्हतं. म्हणून यादी आधी वाचायची आणि तिच्यातला निवडलेला दस्तऐवज पहिल्याच परिच्छेदात आणायचा.

शेवटचे दहा दिवस

नवीन काही वाचू देऊ नका. १४ कार्डं फेटून त्यातलं एक उचलायचं आणि दोन मिनिटांत मराठीत सांगायचं. दोन कार्डं उचलली तर त्यांच्यातलं नातं सांगायचं. घड्याळ लावून एक पूर्ण पेपर ब्लूबुकमध्येच सोडवू द्या, कारण पडद्यावर मजकूर वाचणं आणि टंकून निबंध लिहिणं याची वेगळी सवय लागते. बहुपर्यायी प्रश्नांना सरासरी ८७ सेकंद मिळतात. लांब उताऱ्याचा प्रश्न असेल तर आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचलेला बरा. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅपटॉप किंवा शाळेनं दिलेलं यंत्र पूर्ण चार्ज करून ठेवा, ब्लूबुकमधली परीक्षेची तयारी पूर्ण झाली आहे ना ते पाहा, चार्जर पिशवीत टाका. कच्च्या आराखड्यासाठी पेन-पेन्सिल लागते, तीही ठेवा. निबंधाआधी पाच मिनिटं कागदावर विधान, दोन पुरावे आणि विरुद्ध मत एवढं टिपून घ्यायला सांगा.

निकाल जुलैमध्ये लागतो. किती श्रेणीला क्रेडिट (म्हणजे कॉलेजात तो विषय झाला असं धरून श्रेयांक) द्यायचं हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. काही ठिकाणी ३ पुरते, काही ठिकाणी ४ किंवा ५ लागतात, काही कॉलेजं देतच नाहीत. अर्ज करायच्या कॉलेजांची ही माहिती त्यांच्या संकेतस्थळावरून आधीच काढून एका वहीत लिहून ठेवा.